निकेलची कातडी: चालू सेलमधला इलेक्ट्रोड एक्स-रेखाली कसा बघायचा

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत अण्णांचं निकेल प्लेटिंगचं छोटं युनिट होतं. हिरव्या द्रावणाचा हौद, त्यात हुकांना टांगलेले नग, आणि दर थोड्या वेळाने एखादा नग वर काढून उजेडात तिरका धरणारे अण्णा. "आत लोखंड कसलं बी असू दे, गिऱ्हाईक कातडी बघतंय," असं ते कामगारांना सांगायचे. शाळा सुटली की मी तिथेच कोपऱ्यात अभ्यासाला बसायचे. आज मी निकेलच्याच कातडीवर संशोधन करते. चकाकीशी माझं काम नाही, त्या कातडीवर द्रावणाशी जो व्यवहार चालतो त्याच्याशी आहे.

पाणी फोडून हायड्रोजन काढणाऱ्या क्षारीय इलेक्ट्रोलायझरमध्ये ऑक्सिजनच्या बाजूला बहुधा निकेल असतं. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात त्यावर निकेल हायड्रॉक्साइडचा थर येतो, व्होल्टेज चढवला की त्याचं ऑक्सिहायड्रॉक्साइड होतं आणि तिथून ऑक्सिजन सुटायला लागतो. इलेक्ट्रोड आणि इलेक्ट्रोलाइट एकमेकांना भिडतात त्या काही नॅनोमीटरच्या पट्ट्यात हे सगळं घडतं. तो पट्टा सेल चालू असताना एक्स-रेने कसा बघायचा, हे मी इथे लिहिते आहे. पहिल्यांदा बीमटाइम (मोठ्या एक्स-रे स्रोतावर प्रयोगासाठी मिळणारा वेळ) मिळालेल्या मुलामुलींना नजरेसमोर ठेवून लिहिलं आहे. उदाहरण निकेलचं आहे. तुमचं कोबाल्ट किंवा मँगनीज असेल तर आकडे बदला, रीत तीच. लिथियम बॅटरीवाल्यांची गोष्ट थोडी वेगळी, ती पुढे येईल.

आधी कागदावर हिशेब

एक गोष्ट मनात पक्की करून घ्या. आठ-नऊ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा एक्स-रे पृष्ठभागापाशी थांबत नाही. तो नमुन्यात खोल शिरतो आणि वाटेत निकेलचे जेवढे अणू भेटतील त्या सगळ्यांची सरासरी तुमच्या हातात ठेवतो. सीमेवरचा अणू कुठला आणि पोटातला कुठला, हा भेद त्याला करता येत नाही. तो भेद नमुना बनवतानाच करून ठेवायचा असतो: नमुन्यातले जास्तीत जास्त अणू सीमेवर आणायचे.

किती फरक पडतो ते बघा. घनाकार कण धरा, बाजू १०० नॅनोमीटर. बाहेरचा अर्ध्या नॅनोमीटरचा थरच द्रावणाशी बोलतो असं माना. मग आतला घन ९९ नॅनोमीटरचा उरतो, आणि बाहेरच्या थराचा वाटा भरतो जेमतेम ३ टक्के. तोच कण १० नॅनोमीटरचा केला तर वाटा २७ टक्क्यांवर जातो. आता समजा, बदलणाऱ्या अणूंची शोषणाची कडा, म्हणजे ज्या ऊर्जेला त्यांचं एक्स-रे शोषण एकदम उडी मारतं ती जागा, दीड इलेक्ट्रॉनव्होल्टने सरकते. पहिल्या नमुन्यात सरासरी कडा सरकेल ०.०४५ इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे गोंगाटात बुडून जाईल. दुसऱ्यात ०.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट, आणि तेवढं डोळ्यांनी दिसतं. बीमटाइमचा अर्ज लिहिण्याआधी हे गणित करा. माझ्याकडे येणाऱ्या दर तीन-चार नमुन्यांपैकी एक इथेच गळतो, आणि तो इथे गळलेलाच बरा.

निकेल हायड्रॉक्साइडवर मी इतकी वर्षं टिकून आहे त्याचं एक कारण हेच. त्याची रचना पानांच्या चवडीसारखी आहे. पानांच्या मधल्या जागेत पाणी आणि आयन शिरतात, त्यामुळे पातळ थर असेल तर आतलेही बहुतेक अणू व्यवहारात भाग घेतात. घट्ट, दाट ऑक्साइडमध्ये हे सुख नसतं. तिथे कण लहान करण्याला पर्याय नाही.

कुठली पद्धत

इथे मी फार रेंगाळणार नाही. अणूची ऑक्सिडेशन अवस्था आणि शेजाऱ्यांची अंतरं हवी असतील तर एक्स-रे शोषण. कडेजवळच्या भागाला झेन्स म्हणतात, पुढच्या लाटांना एक्झाफ्स. इलेक्ट्रोड एकस्फटिकी, आरशासारखा गुळगुळीत असेल आणि द्रावणातले थर कसे रचले आहेत हे बघायचं असेल तर पृष्ठीय विवर्तन किंवा परावर्तन. मायकेल टोनी आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये चांदीच्या स्फटिकावर हेच करून दाखवलं होतं: इलेक्ट्रोडवरचा भार बदलला की चांदीपासून पाण्याच्या पहिल्या थराचं अंतरही बदलतं. सपाट पातळ फिल्म असेल तर बीम अगदी घासून, क्रांतिक कोनाच्या (ज्याखाली एक्स-रे जवळजवळ पूर्ण परावर्तित होतात त्या कोनाच्या) खाली सोडता येतो. मग तो काही नॅनोमीटरच आत शिरतो. सोन्यासाठी आठ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला हा कोन अर्ध्या अंशाच्या आसपास असतो. कोरड्या नमुन्याच्या वरच्या पाच-दहा नॅनोमीटरमधली रसायनं हवी असतील तर फोटोइलेक्ट्रॉन स्पेक्ट्रोस्कोपी, म्हणजे एक्सपीएस.

चालू सेल, बुडबुडे, क्षार, खडबडीत इलेक्ट्रोड अशा परिस्थितीत सगळ्यात सोसणारी पद्धत शोषणाची. म्हणून पुढचं सगळं तिच्याबद्दल.

फिल्म

आधार म्हणून मी कार्बन पेपर घेते. सपाट काचेवर सोनं चढवून त्यावर ५० नॅनोमीटरचा थर दिला तर बीमच्या वाटेत निकेल फारच थोडं येतं आणि एकेक स्कॅन तासन्‌तास चालतो. थर जाड केला तर वरचा हिशेब फिसकटतो. कार्बन पेपरमध्ये काही मायक्रोमीटर जाडीचे असंख्य तंतू एकावर एक पसरलेले असतात. प्रत्येक तंतूवर थर पातळच राहतो, पण बीम कित्येक तंतूंतून जातो. त्यामुळे थर न वाढवता निकेल वाढतं.

निकेल नायट्रेटच्या ०.१ मोलर द्रावणात हा कागद कॅथोड म्हणून लावा. नायट्रेटचं क्षपण होताना कागदाजवळ हायड्रॉक्साइड तयार होतं, तिथला सामू चढतो आणि निकेल हायड्रॉक्साइड तंतूवरच बसतं. प्रवाह कमी, वेळ थोडा. कागद फिकट हिरवा दिसायला लागला म्हणजे जास्त झालं. माझ्या चांगल्या फिल्म डोळ्यांना जवळजवळ कोऱ्या कागदासारख्याच दिसतात.

आता लोहाबद्दल, आणि हे मी ठासून सांगते. निकेल हायड्रॉक्साइडमध्ये लोहाचा अंश शिरला की ऑक्सिजन सुटण्याचा वेग कितीतरी वाढतो. डेनिस कॉरिगन यांनी १९८७ मध्ये हे दाखवलं. पुढे २०१४ मध्ये शॅनन बोएचर यांच्या गटाने दाखवून दिलं की नेहमीच्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये असलेलं नकळतचं लोहही त्याला पुरतं. त्यामुळे बाटलीवर शुद्धतेचा कितीही मोठा आकडा छापलेला असला तरी द्रावण स्वतः शुद्ध करून घ्या. स्वच्छ निकेल हायड्रॉक्साइडचा गाळ त्या द्रावणात घालून हलवत ठेवायचा, गाळ लोह ओढून घेतो, मग सेंट्रिफ्यूज करून वरचं द्रावण काढायचं. भांडी प्लास्टिकची, काचेची नकोत. हे केलं नाही तर तुम्ही "निकेल" म्हणून जे मोजाल ते निकेल-लोह असेल.

सेल

आमचा सेल वर्कशॉपमधल्या काकांनी लेथवर टेफ्लॉनच्या ठोकळ्यातून काढून दिला. चित्र काढून त्यांच्या हातात दिलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "ओ-रिंगची खाच किती खोल?" मला उत्तर देता आलं नाही. त्यांनीच समजावलं: रिंग दाबली जायला हवी, पण चेचली जायला नको, आणि टेफ्लॉन दाबाखाली हळूहळू वाहतं, त्यामुळे स्क्रू आज घट्ट केले तरी उद्या पुन्हा बघायचे. सेलचं चित्र काढण्याआधी तुमच्या वर्कशॉपमध्ये जाऊन एक तास बसा.

मूळ अडचण पाण्याची आहे. आठ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला एक मिलिमीटर पाण्याच्या थरातून साधारण एक-तृतीयांश एक्स-रे पार होतात. एक सेंटिमीटरमधून काहीच हाती लागत नाही. शिवाय निकेलची फ्लुओरेसन्स, म्हणजे शोषणानंतर निकेलच्या अणूंतून सुटणारे त्यांचे स्वतःचे एक्स-रे, जी ७.४७८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला असते, तिलाही परत बाहेर यायचं असतं. त्यामुळे बीकरमध्ये इलेक्ट्रोड टांगून बीम सोडण्याचा विचार मनात आणू नका.

मी बीम मागून सोडते. ठोकळ्याला आरपार भोक, त्यावर कार्बन पेपर, फिल्मची बाजू आत द्रावणाकडे, पाठीमागे पातळ प्लास्टिकची खिडकी. एक्स-रे खिडकीतून आणि कागदातून थेट फिल्मवर पोचतो, फ्लुओरेसन्सही त्याच वाटेने परत येते. त्या वाटेत द्रावण म्हणजे कागदात झिरपलेलं तेवढंच. फिल्मच्या पलीकडे मात्र द्रावण हवं तेवढं जाड ठेवता येतं, त्यामुळे विद्युतरसायन नीट चालतं. सेल बीमशी ४५ अंशांत, डिटेक्टर बीमशी काटकोनात. काटकोनात विखुरलेले एक्स-रे सगळ्यात कमी येतात.

खिडकीसाठी सगळे कॅप्टन नावाचं प्लास्टिक वापरतात, कारण एक्स-रे सहज पार होतात आणि ते किरणांखाली टिकतं. मीही माझ्या पहिल्या बीमटाइमला २५ मायक्रोमीटरचं कॅप्टन लावलं होतं. द्रावण एक मोलर. पहाटे तीनच्या सुमारास स्पेक्ट्रमची पातळी हळूहळू उतरायला लागली. मला वाटलं बीम सरकला, म्हणून अर्धा तास टेबल वर-खाली करत बसले. शेवटी हचचं (बीमभोवतीच्या बंद खोलीचं) दार उघडलं तर खिडकीच्या खालच्या कडेला एक थेंब लोंबत होता, आणि त्याखाली टेबलावर पांढरी, कोरडी ओघळाची रेघ पडली होती. कॅप्टन पॉलिइमाइड आहे आणि तीव्र क्षार पॉलिइमाइडला हळूहळू तोडतो. रसायनशास्त्राची पदवी घेतलेल्या माणसाला हे माहीत असतं, आणि मला ते माहीत होतंच. पण खिडकी मी "भौतिकशास्त्राची वस्तू" या खणात टाकली होती. उरलेल्या पाळीत एकही पूर्ण मालिका झाली नाही.

तेव्हापासून क्षारासाठी पॉलिप्रॉपिलीनची फिल्म वापरते. आम्लात किंवा उदासीन द्रावणात कॅप्टन चांगलंच आहे. काहीही लावा, पण त्याच द्रावणात, त्याच सेलमध्ये, खाली टिपकागद ठेवून घरच्या टेबलावर चोवीस तास ठेवा आणि मगच प्रवासाला निघा.

दोन-तीन बारीक गोष्टी. विजेच्या जोडणीसाठी तांब्याची टेप बीमच्या आसपासही नको. तांब्याची कडा ८९७९ इलेक्ट्रॉनव्होल्टला आहे, निकेलची ८३३३ ला. तांबं वाटेत आलं तर तुमच्या लाटांवर मध्येच दुसरी पायरी चढते आणि तिथून पुढचा डेटा जातो. सोन्याची किंवा प्लॅटिनमची तार घ्या. संदर्भ इलेक्ट्रोड, ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजायचा तो, क्षारासाठी पारा-मर्क्युरिक ऑक्साइडचा. त्याचं टोक फिल्मच्या जितकं जवळ तितकं चांगलं. आणि सेलमध्ये वरच्या बाजूला बुडबुड्यांना निघायला वाट ठेवा. द्रावण खालून पंपाने आत, वरून बाहेर.

घरची तालीम

निघण्याआधी या सेलमध्ये सायक्लिक व्होल्टॅमोग्राम (व्होल्टेज वर-खाली फिरवत मोजलेल्या प्रवाहाचा आलेख) घ्या आणि बीकरमधल्या व्होल्टॅमोग्रामवर ठेवून बघा. एक मोलर द्रावणात निकेलचं ऑक्सिडेशनचं शिखर या संदर्भापेक्षा साधारण ०.४ ते ०.५ व्होल्टला येतं. तुमच्या सेलमध्ये ते पसरट होऊन बरंच पुढे सरकलं असेल तर रोध जास्त आहे. म्हणजे तुम्ही स्क्रीनवर ०.६ व्होल्ट वाचाल आणि फिल्मला त्याहून कमीच मिळत असेल. इम्पिडन्सने रोध मोजा, संदर्भ जवळ आणा, पुन्हा करा. सेल सुंदर आहे पण त्यातली रसायनं बीकरपेक्षा वेगळी चालतात, असं असेल तर एक्स-रेने मिळालेलं उत्तरही त्या वेगळ्याच रसायनांचं असेल. माझ्या मते चालू सेलवरच्या प्रयोगांमध्ये सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं.

इंदूरला

मी बहुतेक वेळा इंदूरला जाते. राजा रामण्णा सेंटरमधल्या इंडस-२ या १७२.५ मीटर घेराच्या वलयात २.५ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टचे इलेक्ट्रॉन फिरत असतात, त्यांच्यापासून एक्स-रे मिळतात, आणि त्यावर शोषणासाठी दोन बीमलाइन, म्हणजे एक्स-रे नमुन्यापर्यंत आणणाऱ्या वाटा, आहेत. बीमलाइन ८ वर सगळा स्पेक्ट्रम एकदम पसरून घेतात, बीमलाइन ९ वर एकेक ऊर्जा करत स्कॅन होतो. पातळ फिल्मची फ्लुओरेसन्स बीमलाइन ९ चं काम. विद्यापीठातल्या मुलांनी हेही लक्षात ठेवावं की विद्यापीठांना अशा सुविधा वापरायला मदत करणारं यूजीसी-डीएई कन्सॉर्शियम इंदूरलाच आहे. तिथल्या लोकांशी अर्जाआधी बोलून घ्या. गावात परकं वाटत नाही. होळकरांचं शहर, पोहे चांगले, आणि मराठी कानावर पडतं.

पुण्याहून रात्रीच्या गाडीने निघताना सेल मी हातातल्या पिशवीत ठेवते, सुटे भाग दुप्पट: ओ-रिंगा, खिडक्या, तारा, तीन संदर्भ इलेक्ट्रोड. द्रावण तिथे जाऊन बनवते. बीमलाइनच्या शास्त्रज्ञांना क्षाराबद्दल आधी कळवा आणि गळती पकडायला सेलखाली ट्रे ठेवा. त्यांच्या लाखमोलाच्या डिटेक्टरशेजारी तुम्ही पोटॅशियम हायड्रॉक्साइड मांडणार आहात.

पहिलं काम ऊर्जेचं. निकेलच्या धातूच्या पत्र्याचा स्कॅन घ्या, कडेवरचा पहिला वळणबिंदू ८३३३ वर बसवा. बीमलाइनवर तीन आयनायझेशन चेंबर असतात: पहिला येणारा बीम मोजतो, दुसरा नमुन्यापलीकडचा, आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये हा पत्रा ठेवता येतो. जाड सेलमधून पलीकडे काही पोचत नसेल तर दर काही स्कॅननंतर पत्रा वेगळा घ्या. तुम्हाला इलेक्ट्रॉनव्होल्टच्या दशांशात सरकलेली कडा दाखवायची आहे. रात्रभरात मोनोक्रोमेटरच (बीममधून एकेक ऊर्जा निवडणारं यंत्र) तेवढा सरकला तर?

मग डिटेक्टर. बीम ८५०० वर ठेवून फ्लुओरेसन्सचा पूर्ण पट बघा. निकेलचं शिखर ७.४८ ला, विखुरलेला बीम ८.५ ला, दोन्ही सुटे दिसले पाहिजेत. विखुरणं जास्त असेल तर डिटेक्टरसमोर कोबाल्टचा पातळ पत्रा लावा. कोबाल्टची कडा ७७०९ ला असल्याने तो विखुरलेलं खातो आणि निकेलचं सोडतो. याच पटावर ६.४ ला नजर टाका. तिथे लोह बसतं. मी "शुद्ध" म्हणून नेलेल्या एका फिल्मवर तिथे छोटा पण स्पष्ट उंचवटा होता. लगेच निष्कर्ष काढू नका, हचमधलं पोलादही तिथेच चमकतं. फिल्म नसलेला कोरा कार्बन पेपर त्याच सेलमध्ये, त्याच द्रावणात लावून बघा. माझ्या बाबतीत कोऱ्या कागदावर तो उंचवटा जवळजवळ नव्हता. म्हणजे लोह फिल्ममध्येच होतं, आणि शुद्धीकरणाची पायरी मी घाईत उरकली होती. त्या दिवशी मालिका थांबवून नवं द्रावण केलं. चार तास गेले, पण पुढच्या सगळ्या डेटावर मला स्वतःला विश्वास ठेवता आला.

स्कॅनची मालिका

व्होल्टेज न लावता एक स्कॅन. मग ०.२ व्होल्ट, जिथे काही व्हायला नको. मग शिखराच्या आसपास ०.०५ च्या पायऱ्यांनी, मग ०.६, जिथे ऑक्सिजन सुटतो. आणि शेवटी पुन्हा ०.२. प्रत्येक ठिकाणी आधी प्रवाह स्थिर होऊ द्या, मग स्कॅन. एका व्होल्टेजला किमान तीन स्कॅन, आणि ते बेरीज करण्याआधी एकमेकांवर ठेवून बघायचे. तिन्ही एकसारखे असतील तरच ते एका अवस्थेचे. पहिला आणि तिसरा वेगळा असेल तर फिल्म अजून बदलते आहे, आणि त्यांची सरासरी म्हणजे कुठल्याच अवस्थेचं चित्र नाही.

८१३० पासून ९००० च्या थोडं आतपर्यंत स्कॅन पुरतो. कडेवर ०.३ ते ०.५ च्या पायऱ्या, मागे-पुढे विरळ.

०.६ व्होल्टला बुडबुडे त्रास देतात. स्पेक्ट्रमवर अचानक पायरी पडली, मग हळूहळू भरून आली, तर तो बुडबुडा समजा: बीमसमोरच्या भागातून द्रावण हटलं, तिथल्या फिल्मला व्होल्टेज मिळणं बंद झालं. पंप वाढवा, सेल थोडा तिरका करा. तरीही नाही जमलं तर व्होल्टेज ०.५५ वर आणा. कमी व्होल्टेजचा स्वच्छ डेटा जास्त व्होल्टेजच्या फाटक्या डेटापेक्षा कितीतरी उपयोगी. कार्बन पेपरही चढ्या व्होल्टेजला झिजतो, त्यामुळे तिथे तासन्‌तास थांबू नका.

बीमचा स्वतःचा हात

एक्स-रे पाण्यात शिरला की पाणी फुटतं. हायड्रॉक्सिल रॅडिकल, हायड्रोजन पेरॉक्साइड, सुटे इलेक्ट्रॉन, हे सगळं नेमकं तुमच्या फिल्मजवळ तयार होतं. ते निकेलचं ऑक्सिडेशनही करू शकतं आणि क्षपणही. म्हणजे जो बदल तुम्ही व्होल्टेजच्या नावावर लिहाल तो बीमचा असू शकतो.

हे तपासायला फार काही लागत नाही. ०.५ व्होल्टला मालिका झाली की फिल्म दोन मिलिमीटर सरकवा, म्हणजे ज्या जागेने आजवर बीम पाहिला नाही ती समोर आणा. शटर बंद ठेवून तेवढाच वेळ तेच व्होल्टेज लावा. मग शटर उघडून एकच वेगवान स्कॅन घ्या, फक्त कडेजवळचा. जुन्या आणि नव्या जागेच्या कडा एकमेकींवर बसल्या तर ठीक. नाही बसल्या तर बीमसमोर ॲल्युमिनियमचा पत्रा घालून तीव्रता कमी करा आणि पुन्हा तुलना करा. इंडस-२ च्या वाकचुंबकाच्या बीममध्ये माझ्या फिल्मना फारसा त्रास झालेला नाही. परदेशातल्या अंड्युलेटर बीमलाइनवर, जिथे बीम कितीतरी तीव्र आणि बारीक असतो, तिथे जाणार असाल तर ही तपासणी सगळ्यात आधी करा. ज्या लेखात ही तपासणी सांगितलेली नसते, तो वाचताना माझी पेन्सिल समासात थांबतेच.

डेटा

शोषणाचे स्पेक्ट्रम हाताळायचं अथिना हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं आणि पुरतं. पार्श्वभूमी काढा, कडेची उंची १ करा, सगळे स्पेक्ट्रम एकावर एक ठेवा. निकेलची ऑक्सिडेशन अवस्था दोनवरून तीन-चारकडे गेली की कडा उजवीकडे, दीड-दोन इलेक्ट्रॉनव्होल्टने सरकते. एक्झाफ्समध्ये आणखी स्पष्ट दिसतं: हायड्रॉक्साइडमध्ये निकेल-ऑक्सिजन अंतर २.०५ अँगस्ट्रॉम असतं, ऑक्सिहायड्रॉक्साइडमध्ये १.८८. निकेल-निकेल अंतर ३.१ वरून २.८ वर येतं. पानं आकसतात.

फूरिए रूपांतराच्या आलेखावर ही अंतरं थेट वाचू नका. तिथे शिखरं खऱ्या अंतरापेक्षा काही दशांश अँगस्ट्रॉम अलीकडे पडतात, फेज दुरुस्त केलेली नसते. अंतरं फिटिंगमधूनच काढा. आणि फिटिंगमध्ये किती चल सुटे सोडायचे याला मर्यादा आहे. तीन ते बारा प्रति अँगस्ट्रॉम आणि एक ते ३.२ अँगस्ट्रॉम एवढ्या भागात साधारण बारा स्वतंत्र आकडे मिळतात. दहा चल सोडले तर रेघ सुंदर बसेल आणि अर्थ काही राहणार नाही. मी पाच-सहावर थांबते.

मधल्या व्होल्टेजचे स्पेक्ट्रम ०.२ आणि ०.६ च्या मिश्रणाने जुळतात का ते बघा. सगळे स्पेक्ट्रम काही ठरावीक बिंदूंवर एकमेकांना छेदत असतील तर दोनच अवस्था आहेत आणि प्रमाण बदलतं आहे. छेदनबिंदू सरकत असेल तर तिसरं काहीतरी आहे. तिथे खरं काम सुरू होतं.

लिथियमवाल्यांसाठी

बॅटरीच्या ॲनोडवर द्रावण विघटित होऊन जो पापुद्रा जमतो, ज्याला इमॅन्युएल पेलेड यांनी १९७९ मध्ये एसईआय हे नाव दिलं, तो लिथियम, कार्बन, ऑक्सिजन, फ्लोरिन अशा हलक्या मूलद्रव्यांचा. त्यांच्या कडा कठीण एक्स-रेच्या पट्ट्यात येतच नाहीत. इथे एक्सपीएस हवं, आणि ते बहुधा सेल उघडूनच. प्रयोगशाळेतला ॲल्युमिनियमचा १४८६.७ इलेक्ट्रॉनव्होल्टचा स्रोत वरचे पाच-दहा नॅनोमीटर दाखवतो. खोल बघायचं तर कठीण एक्स-रेचं एक्सपीएस लागतं, त्याची बीमलाइन इंडस-२ वरही आहे.

सेल आर्गॉनच्या ग्लोव्हबॉक्समध्ये उघडा आणि हवा न लागता नमुना यंत्रात न्या. या नेण्याच्या पायरीवरच बहुतेक नमुने वाया जातात. डायमिथाइल कार्बोनेटने धुतलं तर साचलेलं मीठ जातं, पण पापुद्र्याचे विरघळणारे भागही जातात. म्हणून एक तुकडा धुतलेला, एक न धुतलेला, दोन्ही मोजा. फ्लोरिनचं शिखर ६८५ जवळ लिथियम फ्लोराइडचं, ६८७-६८८ जवळ हेक्झाफ्लोरोफॉस्फेटचं, म्हणजे द्रावणातल्या मिठाचं. पण हेक्झाफ्लोरोफॉस्फेट बीमखाली फुटून फ्लोराइड होतं, म्हणून फ्लोरिनचा स्कॅन सुरुवातीला एकदा आणि शेवटी पुन्हा एकदा घ्या. खोली मोजायला आर्गॉन आयनांनी खरवडू नका, निदान त्यावर भिस्त ठेवू नका: कार्बोनेट तुटून लिथियम ऑक्साइड दिसू लागतं, आणि ते आतल्या थरात होतं असं लिहिलं जातं. खोलीसाठी एक्स-रेची ऊर्जा बदला.

निघताना

पाळी संपली की झोप अनावर होते, तरी सेल लगेच उघडा. फिल्म शुद्ध पाण्याने धुऊन वाळवा, पाकिटावर तारीख, स्कॅनचे क्रमांक, शेवटचं व्होल्टेज लिहा. वापरलेलं द्रावणही दहा मिलिलिटर बाटलीत भरून आणा. परत आल्यावर दोन्ही आयसीपीला (मूलद्रव्यांचं प्रमाण मोजणाऱ्या तपासणीला) द्या, निकेल किती आणि लोह किती. त्या उंचवट्याच्या मालिकेनंतर मी बदललेल्या द्रावणातली फिल्म आणि आधीची फिल्म शेजारी शेजारी दिल्या होत्या. आधीच्या फिल्ममध्ये लोह निघालं, नंतरच्या फिल्ममध्ये यंत्राच्या मर्यादेखाली. दोन्ही अहवाल त्या मालिकेच्या वहीत चिकटवलेले आहेत.